नागावहून एका दिवसात कुलाबा, रेवदंडा, कोर्लई, जंजिरा: कसं बसवायचं?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. डिसेंबरात लातूरहून अलिबागजवळ नागावला जायलोत. अकरा माणसं, टेम्पो ट्रॅव्हलर. वाळूला लागूनच असलेलं रिसॉर्ट तीन रात्रींसाठी घेतलंय. पहिला दिवस प्रवासातच जाईल. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरचे पडके किल्ले बघायचे ठरवलंय. आमच्याकडं औसा, उदगीर, नळदुर्ग सगळ्यांचे बघून झालेत, समुद्रातला किल्ला मात्र घरात कुणीच बघितला नाही.

रिसॉर्टवाले म्हणायलेत की नाश्ता करून दहाला निघा, चारही किल्ले दाखवून संध्याकाळी सातला परत आणतो. खरंच होतं का हे? सोबत सत्तरीच्या आई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. सात आणि दहा वर्षांची दोन पोरं आहेत. कालनिर्णयात त्या दिवशी मार्गशीर्ष वद्य तृतीया दाखवतंय. कोणी तरी सांगितलं की कुलाब्याला तिथी बघूनच जावं लागतं. ते गणित कसं करायचं? आणि चारपैकी सोडायचा झाला तर कोणता सोडू?

पायवाट (धाराशिव)

कुलाब्याला ओहोटीतच वाळूतून चालत जाता येतं, म्हणून तिथी. दहाला निघालात तर पहिला किल्ला तिथंच हुकला. वद्य तृतीयेला दहाच्या सुमारास कुलाब्याहून माणसं परत फिरत असतात.

गणित सोपं आहे. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा. येईल ती भरतीची वेळ. तृतीया म्हणजे तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. म्हणजे पहाटे सव्वादोनला भरती आणि पुढची साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी, दुपारी पावणेतीनच्या आत. दोन भरत्यांच्या बरोबर मध्ये ओहोटी, म्हणजे सकाळी साडेआठच्या आसपास. शुद्ध असो की वद्य, हिशेब एकच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या.

हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो. कारण कालनिर्णयात सूर्योदयाची तिथी असते, ती सकाळी नऊला संपून पुढची लागलेली असू शकते. तिथीचा क्षय किंवा वृद्धी असेल तर आणखी फरक पडतो. म्हणून बेत आखायला तिथी वापरा आणि निघायच्या आदल्या दिवशी मुंबईचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा. अलिबागची वेळ त्याच्यापासून फार लांब नसते. तक्त्यात वेळेशेजारी मीटरमध्ये उंची दिलेली असते. ओहोटीसमोरचा आकडा जितका लहान तितकी वाळू जास्त उघडी.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, पाणी वर खूप चढतं आणि खाली खूप उतरतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी वर कमी चढतं आणि खाली कमी उतरतं. तेव्हा ओहोटी दुपारी बारा-एकला येते, पर्यटकाला ती वेळ सोयीची वाटते, पण पाणी पुरतं उतरतच नाही. भर ओहोटीतसुद्धा मधल्या पट्ट्यात पाणी राहतं. मग लोक वाळूवर उभे राहून वाट बघतात आणि घोडागाडीवाल्याशी हुज्जत घालतात. द्वितीया ते पंचमी हे दिवस चालत जायला सगळ्यांत उत्तम, कारण उधाणही आणि ओहोटीही सकाळी. तुमची तृतीया नेमकी त्यातच बसली.

किनाराछंदी (छत्रपती संभाजीनगर)

चार किल्ले एका दिवसात होत नाहीत. होतात ते चार ठिकाणी गाडीतून उतरून काढलेले फोटो.

नागावहून अलिबागचा किनारा आठ-नऊ किलोमीटर उत्तरेला. रेवदंडा साधारण तेवढाच दक्षिणेला. रेवदंड्यातून कुंडलिका खाडीचा पूल ओलांडला की साळाव आणि पुढं कोर्लई. जंजिऱ्याला मात्र काशीद, मुरूड मागं टाकून राजपुरीपर्यंत जावं लागतं. अंतर पन्नासच्या आतबाहेर, पण रस्ता अरुंद आणि वळणांचा, टेम्पो ट्रॅव्हलरला पावणेदोन तास धरा. राजपुरीच्या धक्क्यावर होडी भरेपर्यंत थांबायचं, शनिवार-रविवारी रांग. किल्ल्यात होडीवाले साधारण पाऊण तास देतात. जाऊन-येऊन सात तास तिथंच जातात.

तेव्हा दोनच पर्याय उरतात. एक म्हणजे कुलाबा, कोर्लई आणि रेवदंडा. दुसरा म्हणजे एकटा जंजिरा, वाटेत जमलं तर कोर्लई. माझं मत पहिल्याला. तीनही ठिकाणं वेगळ्या जातीची आहेत: एक मराठ्यांचा पाण्यातला किल्ला, एक डोंगराच्या सोंडेवरचा पोर्तुगीज किल्ला आणि एक माडा-पोफळीत बुडालेलं पोर्तुगीज शहर.

वेळा अशा ठेवा. सव्वासहाला रिसॉर्ट सोडा. नाश्ता त्यांच्याकडं आठशिवाय सुरू होत नसेल तर आदल्या रात्रीच सांगून पोहे-उपीट बांधून घ्या, नुसता चहा पिऊन निघा. पावणेसातपर्यंत अलिबागच्या किनाऱ्यावर. डिसेंबरच्या शेवटाला सूर्य सातच्या पुढं उगवतो, सव्वासातला वाळूत उतरा. चालत वीस-पंचवीस मिनिटं. किल्ल्यात सव्वा तास पुरतो. कितीही रमलात तरी सव्वानऊला दरवाज्याबाहेर. पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं, सुटे पैसे जवळ ठेवा.

परत फिरायची वेळ डोळ्यांनी ठरवू नका. किल्ला खडकावर आहे, त्याच्या भोवतीचा भाग उंच. किनारा आणि किल्ला यांच्या मधला पट्टा सखल. भरती लागली की तो आधी भरतो. किल्ल्यावरून बघणाऱ्याला दारासमोरचा खडक कोरडा दिसतो आणि वाटतं अजून वेळ आहे. मध्ये पोचेपर्यंत पाणी मांडीला लागतं. लोक अडकतात ते असेच. मग पुढच्या ओहोटीपर्यंत, म्हणजे थेट रात्रीपर्यंत, किल्ल्यात नाही तर होडीची वाट.

पायवाट (धाराशिव)

पायात मागून पट्टा असलेले रबरी सँडल घाला. साधी चप्पल ओल्या वाळूत रुतून निघून येते, बूट भिजून दिवसभर पायात कुचंबतात. अनवाणी तर नकोच. किल्ल्याजवळच्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार पात्यासारखी.

आईंसाठी घोडागाडी आहे. ती गुडघाभर पाण्यातूनही जाते. ठरवताना तीन गोष्टी बोलून घ्या: भाडं माणशी की गाडीचं, जाऊन-येऊन की एकेरी, आणि किल्ल्यावर किती वेळ थांबणार. पैसे निम्मे आधी, निम्मे परत किनाऱ्यावर आल्यावर. आणि वाळू टणक दिसते म्हणून आपली गाडी खाली उतरवू नका. चाक एकदा रुतलं की भरती कुणासाठी थांबत नाही. दर हंगामात कुणाची तरी गाडी पाण्यात जाते.

आत बघायचं काय? महादरवाजा, गोड्या पाण्याची पुष्करणी, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ. किल्ल्याचं काम महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलं, संभाजीराजांच्या वेळी १६८१ ला पुरं झालं. उत्तरेच्या तटावर गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांवर १८४९ साल कोरलेलं दिसतं. म्हणजे आंग्र्यांच्या लढायांशी त्यांचा काही संबंध नाही, गाईड काहीही सांगो. पोरांना दाखवायची खरी चीज बाहेरचा तट. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेत, सांध्यात चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथंच मोडतो. नळदुर्गला पाणी बांधून अडवलंय, इथं त्याला वाट करून दिलीय. शेजारचा छोटा सर्जेकोट ओहोटीतच बघून घ्या.

दख्खनी (नांदेड)

वरच्या बेताला माझा अर्धा विरोध. लातूरहून साडेचारशेच्या वर किलोमीटर जाऊन जंजिरा न बघता परत येणं मला पटत नाही. बावीस एकर, एकोणीस बुरूज, आणि दरवाजा असा लपवलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. कलालबांगडी तोफेपाशी उभं राहिलं की मराठ्यांना तो का घेता आला नाही ते कुणी सांगावं लागत नाही. शिवाय मराठवाड्याच्या माणसाला तिथं ओळखीची खूण आहे. खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवणारा मलिक अंबर हबशी, जंजिऱ्याचे सिद्दीही हबशीच, दोघांचा धागा निजामशाहीशी.

पण आईंच्या गुडघ्यांचं वर वाचलं म्हणून सांगतो, त्यांना होडीतून पायरीवर उतरवणं अवघड जातं. होडी हलत असते, पायऱ्यांवर शेवाळ, दोन्ही बाजूंनी हात देऊन उचलल्यागत घ्यावं लागतं. ओहोटीला खालच्या निसरड्या पायऱ्या उघड्या पडतात, तेव्हा आणखी त्रास. त्यामुळं घरातली धडधाकट पाच-सहा माणसं तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर जंजिऱ्याला जाऊन येऊ देत, बाकीचे रिसॉर्टवर. एका दिवसात कोंबू नका, एवढंच.

किनाराछंदी (छत्रपती संभाजीनगर)

हे चांगलं. तिसऱ्या दिवशी जंजिरा मान्य.

आता दुसऱ्या दिवसाचा पुढचा भाग. किनाऱ्यावर पावणेदहाला आलात की नाश्ता, अलिबागेतच स्वच्छतागृह उरकून घ्या, कारण पुढं कोर्लईच्या किल्ल्यावर काही सोय नाही. डिझेलही तिथंच भरा. मग वाटेतलं रेवदंडा सोडून आधी थेट कोर्लई. दुपारी उघड्या सोंडेवर तापण्यापेक्षा दुपार रेवदंड्याच्या वाड्यांच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागांच्या सावलीत काढलेली बरी, आणि ते परतीच्या वाटेवरच आहे.

रेवदंडा-साळाव पूल जुना आहे, दुरुस्तीसाठी अधूनमधून जड वाहनं बंद ठेवतात. टेम्पो ट्रॅव्हलरला सहसा अडचण येत नाही, तरी आदल्या दिवशी रिसॉर्टवर विचारून ठेवा. पूल बंद निघाला तर रोह्यावरून वळसा, आणि मग कोर्लई त्या दिवसापुरती सोडलेली बरी.

कोर्लई गावातली गल्ली लहान आहे. दोन्हीकडं कोळ्यांची घरं, समोर मासळी वाळत घातलेली, मोटारसायकल आली तरी थांबावं लागतं. छोटी गाडी दीपगृहापर्यंत जाते. ट्रॅव्हलर गावाबाहेर लावा, आई आणि पोरांसाठी रिक्षा करा. दीपगृहाशेजारून पायऱ्या चढतात, पंधरा-वीस मिनिटांचा चढ. आईंनी दीपगृहापाशीच बसावं, समुद्र तिथूनही तेवढाच दिसतो.

वरती किल्ला लांबट आणि अरुंद आहे, एका कण्यावर बसवल्यासारखा. मधल्या आडव्या भिंतींमुळं एकामागून एक दरवाजे लागतात. एक दरवाजा पडला तरी शत्रूला पुढच्यासाठी पुन्हा लढावं लागे. छप्पर उडालेलं चर्च, पाण्याचं टाकं, तोफा. उत्तरेच्या टोकावरून खाली कुंडलिकेचं मुख आणि पलीकडं रेवदंड्याचा तट दिसतो. तिथं उभं राहिलं की कळतं, ही टेकडी ज्याच्या हातात त्याच्या हातात रेवदंड्याला लागूनचं चौलचं बंदर. निजामशहानं १५९४ मध्ये इथं गढी उभारायला घेतली ती याचसाठी, आणि पोर्तुगिजांनी त्याच वर्षी ती हिसकावली तीही याचसाठी. वरच्या तटावरून पोरांना पळू देऊ नका. आतल्या बाजूला कठडा नाही, गवतात खाचा लपलेल्या असतात.

आणखी एक. कोर्लईतल्या ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, ‘नौ लिंग’ म्हणतात तिला. कानावर पडली तर थबकून ऐका, पण लोकांसमोर मोबाइल धरून ‘बोलून दाखवा’ म्हणू नका.

दख्खनी (नांदेड)

रेवदंड्याबद्दल एक दुरुस्ती. सावली वगैरे खरं, पण तिथंही भरतीचाच हुकूम चालतो. समुद्राकडचा तट बघायचा तो वाळूतून, तटाच्या पायाशी चालत. तुमच्या दिवशी पावणेतीनला भरती आणि तीही उधाणाची. दीडनंतर वाळूचा पट्टा भराभर आकसतो. म्हणून कोर्लईहून सव्वाबारापर्यंत या, पहिला अर्धा-पाऊण तास समुद्राकडच्या तटाला द्या, मग आत वळा. जेवण त्यानंतर.

आत गेल्यावर किल्ला कुठं आहे असं विचारायची वेळ येते, कारण गाव आणि वाड्या तटाच्या आतच आहेत आणि डांबरी रस्ता तट फोडून जातो. सातखणी म्हणतात तो मनोरा म्हणजे चर्चचं घंटाघर. आता सात मजले शोधू नका, वरचे पडलेत. जवळपासच्या चर्चच्या भिंती, कमानी खासगी वाड्यांत आहेत. फाटक उघडं दिसलं तरी आवाज द्या, विचारा, मग आत जा. माडाखाली उभं राहून फोटो काढू नका, नारळ डोक्यात पडला तर हसण्यासारखं काही उरत नाही.

औसा, परांडा, कंधार बघितलेल्यांनी इथं नीट बघावं असं कारण आहे. हे किल्ले ज्या निजामशाहीच्या ताब्यात होते तिचंच हे बंदर. पोर्तुगिजांना इथं किल्ला बांधायची परवानगी अहमदनगरच्या निजामशहानं दिली, आणि १५७०-७१ मध्ये त्याच घराण्यातल्या मुर्तजा निजामशहानं वेढा घालून तो परत घ्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मराठ्यांकडं आला तो १७४० मध्ये, वसई पडल्यानंतर. त्याच्याही आधीचं बघायचं तर पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण, तेर आणि चौल तिघांचीही नावं आहेत. आणि १४६९ च्या सुमारास रशियाचा अफनासी निकितिन चौललाच उतरून पुढं जुन्नर, बिदरकडं गेला. बिदर तुमच्या लातूरहून किती लांब ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्याचं स्मारक रेवदंड्यातल्या शाळेच्या आवारात आहे. सुट्टीचा वार असेल तर फाटकातूनच बघावं लागेल.

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचे आभार. रिसॉर्टवाल्यांना पॅकेज नको म्हणून कळवलं. दोन शंका राहिल्यात. एक, जेवण कुठं करावं? आमच्यात चौघं शाकाहारी आहेत. दोन, चौलला दत्ताची यात्रा असते म्हणे, त्या दिवशी असेल का?

पायवाट (धाराशिव)

बरं झालं विचारलंत, यात्रा सगळ्यांच्याच नजरेतून सुटली होती. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला, आणि चौल-भोवाळ्याची यात्रा तिथून पाच दिवस चालते. वद्य तृतीया म्हणजे ऐन यात्रेतला दिवस. नागाव आणि रेवदंड्याच्या मध्येच चौल आहे, टाळून जाता येत नाही. सकाळी साडेदहाच्या आत निघून जाल. संध्याकाळी मात्र माणसं, टेम्पो, खेळण्यांची दुकानं यांनी रस्ता तुंबतो. तेव्हा साडेतीनपर्यंत चौल ओलांडून नागावात परत या. सूर्यास्त आपल्या रिसॉर्टसमोरच्या वाळूत बघा. यात्रा बघायची असेल तर गाडी रिसॉर्टवर ठेवून रिक्षानं जा. डोंगरावरच्या देवळाला पायऱ्या बऱ्याच आहेत, आईंना खालूनच हात जोडू द्या.

जेवण रेवदंड्यात दीड-पावणेदोनला. घरगुती खाणावळी आहेत, पण अकरा ताटं अचानक मागितली तर तास बसावं लागतं. कोर्लईहून निघताना फोन करून शाकाहारी किती, मासे किती ते सांगा. शाकाहारी ताटात बिरड्या म्हणजे सोललेल्या वालाची उसळ मिळाली तर सोडू नका. भाकरी तांदळाची येईल, ज्वारीची विचारू नका. आणि वार गुरुवार निघाला तर मार्गशीर्षातला गुरुवार, तुमच्यातल्या मासे खाणाऱ्यांचीही संख्या कमी होईल. तेही आधी मोजून घ्या.

किनाराछंदी (छत्रपती संभाजीनगर)

एक राहिलं, ड्रायव्हर. लातूरहून रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला दुसऱ्या पहाटे सहाला उठवायचंय. पहिल्या दिवशी दुपारी पोचलात की त्याची झोपायची खोली रिसॉर्टकडून पक्की करून घ्या. बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हरला गाडीतच झोपायला सांगतात. बुक करताना विचारा, नंतर खोली शिल्लक नसते. पाणी माणशी एक लिटर, ते कुलाब्यापुरतं. अलिबागेत परत भरा.